गोष्टीतल्या मुलीचं नाव सानिका का नाही? उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

प्रति,
उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांचे कार्यकर्ते, रविवारच्या मराठी शाळांमधले शिक्षक आणि सगळे आई-बाबा, आजी-आजोबा यांना

सप्रेम नमस्कार.

मी न्यू जर्सीतल्या एका सार्वजनिक लायब्ररीत, मुलांच्या विभागात काम करते. रविवारी सकाळी मराठी शाळेत आठ-नऊ वर्षांच्या मुलांचा वर्ग घेते. म्हणजे आठवडाभर मी मुलांच्या हातात पुस्तकं देते आणि रविवारी त्या पुस्तकांनी मुलांना काय शिकवलं ते वहीत बघते. गेल्या जानेवारीत पंधरा दिवसांच्या आत या दोन्ही ठिकाणी जे दिसलं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मराठी शाळेत मी मुलांना गोष्ट लिहायला सांगितली होती. विषय सोपा, 'हरवलेली वस्तू'. सात-आठ ओळी, येईल तसं मराठी. नऊ मुलांनी लिहिली. घरी येऊन वह्या तपासायला बसले. सानिकाच्या (नाव बदललं आहे) वहीतली गोष्ट अशी सुरू होत होती : 'एमा शाळेत गेली. एमाचा लाल हातमोजा हरवला.' 'एमा' या शब्दाखालचा कागद काळवंडला होता आणि खोडरबराने घासून घासून पातळ झाला होता. पान दिव्यासमोर धरलं. पेन्सिलीचे वळ अजून दिसत होते. 'सा'चा काना, 'नि'ची वेलांटी. तिने आधी स्वतःचंच नाव लिहिलं होतं. एकदा नाही, तीन ठिकाणी. आणि तिन्ही ठिकाणी खोडून एमा केलं होतं.

पुढच्या रविवारी तिला जवळ बसवून विचारलं, "अगं, छान नाव होतं की. खोडलंस कशाला?"

"मावशी, ती स्टोरी आहे ना," ती म्हणाली. "स्टोरीत असं नाव नसतं."

ती रडवेली वगैरे मुळीच नव्हती. पावसात छत्री घ्यायची असते, हे जितक्या सहज सांगावं तितक्या सहज तिने ते सांगितलं. शेजारच्या दोघांनी मानही डोलावली. त्या नऊ गोष्टींत एमा होती, लिली होती, जॅक होता, मॅक्स तर दोन होते. एका गोष्टीत बडी नावाचा कुत्रा होता. आमच्या वर्गाच्या हजेरीतलं एकही नाव कुठल्याच गोष्टीत नव्हतं.

दुसरा प्रसंग लायब्ररीतला. दरवर्षी जानेवारीत आमच्याकडे पुस्तकांची छाटणी होते. शेल्फची जागा ठरलेली असते. नवी पुस्तकं यायची तर जुनी काढावी लागतात. कॉम्प्युटर एक यादी काढून देतो : गेल्या काही वर्षांत फारसं कुणी घरी नेलं नाही, अशी पुस्तकं. ती आम्ही ढकलगाडीवर गोळा करतो. त्या गाडीवर मला एक चित्रांचं पुस्तक दिसलं. अमेरिकेत राहणारं भारतीय कुटुंब, बाहेर बर्फ, आणि भारतातून आलेली आजी नातीबरोबर खिडकीशी बसलेली. उघडलं तर कणा करकरला. नवं पुस्तक पहिल्यांदा उघडताना करकरतो ना, तसा. पानांवर डाग नाही, कोपरा दुमडलेला नाही, खाऊचा ठसा नाही. नोंद बघितली. चार वर्षांत तीन वेळा बाहेर गेलेलं. त्यातल्या दोन वेळा मीच माझ्या कथावाचनासाठी नेलेलं.

आमच्या गावात शनिवारी भारतीय किराणा दुकानाच्या रांगेत उभं राहिलं तर पुढे-मागे एक तरी घर मराठीत बोलत असतं. गणपतीला शाळेचं सभागृह पुरत नाही. आणि त्या पुस्तकाला चार वर्षांत दुसरं घर मिळालं नाही.

सानिकाने नाव का खोडलं आणि ते पुस्तक गाडीवर का आलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं मला आता वाटत नाही.

हा प्रश्न आपल्या आधी दुसऱ्यांनी विचारला, आणि तो एका लहान मुलीनेच विचारला. न्यूयॉर्कमधल्या एका बालवाडीत पाच वर्षांची एक कृष्णवर्णीय मुलगी चित्रांचं पुस्तक बघत होती. तिने विचारलं, यातली मुलं नेहमी गोरीच का असतात? नॅन्सी लॅरिक या बालसाहित्याच्या अभ्यासक बाईंनी तिथूनच सुरुवात करून एक लेख लिहिला. त्यांनी १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत निघालेली पाच हजारांवर पुस्तकं तपासली होती. एखादं तरी कृष्णवर्णीय पात्र असलेली पुस्तकं शंभरात सातसुद्धा भरली नाहीत. लेख छापून आला सप्टेंबर १९६५ मध्ये. त्यानंतर तीनच आठवड्यांनी अमेरिकेचा नवा स्थलांतर कायदा झाला. वंश आणि देश बघून माणसं मोजून आत घेण्याची जुनी पद्धत त्याने मोडली. आपले पहिले डॉक्टर-इंजिनियर काका लोक त्यानंतरच इथे मोठ्या संख्येने आले. म्हणजे आपण इथे यायला लागलो त्याच सुमाराला पुस्तकांतल्या या रिकाम्या जागेबद्दल इथे जाहीरपणे बोललं जात होतं. ते बोलणं आपल्या कानावर पडायला फार वर्षं गेली.

विस्कॉन्सिन विद्यापीठात मुलांच्या पुस्तकांचं एक केंद्र आहे. ते १९८५ पासून हा हिशेब ठेवतं. पहिल्या वर्षी त्यांच्याकडे अडीच हजारांच्या आसपास पुस्तकं आली, त्यातली कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची अठरा. १९९४ पासून ते आशियाई, लॅटिनो आणि मूळनिवासी यांचीही मोजदाद करू लागले. त्यांची २०१८ सालची आकडेवारी मी आमच्या विभागाच्या कपाटाला आतून चिकटवून ठेवली आहे. ३,१३४ पुस्तकं. निम्म्यांत मुख्य पात्र गोरं. २७ टक्क्यांत प्राणी, किंवा बोलणारे ट्रक-ट्रॅक्टर. कृष्णवर्णीय १० टक्के, आशियाई ७, लॅटिनो ५, मूळनिवासी १. शेवटच्या चारांची बेरीज केली तर २३ भरते. या सगळ्या समाजांची मुलं एकत्र केली तरी ससे-अस्वलं आणि ट्रक त्यांच्यापेक्षा जास्त. माझ्या वर्गातल्या गोष्टींत एक बडी आला, तो काही आभाळातून पडला नव्हता.

त्यानंतर आकडे वाढले आहेत, हे मी आनंदाने सांगते. आज माझ्या शेल्फवर जी पुस्तकं आहेत ती दहा वर्षांपूर्वी नव्हती. पण वाटचाल किती सावकाश झाली ते बघा. अमेरिकेत बालसाहित्याचा सर्वांत मानाचा न्यूबेरी पुरस्कार १९२२ साली सुरू झाला. १९२८ सालीच तो एका भारतीय माणसाला मिळाला होता. धनगोपाल मुखर्जी. कलकत्त्याजवळचे. १९१० मध्ये, विशी गाठली-न गाठली तोच अमेरिकेत आले आणि इथे लेखक झाले. त्यांच्या पुस्तकाचा नायक एक कबुतर होतं. पहिल्या महायुद्धात निरोप पोचवणारं. हे नाव मी इथल्या किती मराठी घरांत विचारलं, एकालाही माहीत नव्हतं. मलासुद्धा लायब्ररीत कामाला लागल्यावरच कळलं. मुखर्जींनंतर आशियाई वंशाच्या लेखकाला तो पुरस्कार पुन्हा मिळायला २००२ साल उजाडलं. लिंडा सू पार्क, कोरियन वंशाच्या लेखिका. मध्ये ७४ वर्षं. आणि त्यांची गोष्ट बाराव्या शतकातल्या कोरियातल्या कुंभारांची. दोन्ही पुस्तकं मोठ्या मोलाची आहेत, पण दोन्हींत अमेरिकेतल्या शाळेत जाणारं आशियाई मूल नाही. ते मूल २००५ मध्ये सिंथिया कादोहाता यांच्या पुस्तकाने त्या मानाच्या जागी आणलं. आणि २०२२ मध्ये रजनी लारोका यांच्या कादंबरीला न्यूबेरी ऑनर, म्हणजे मुख्य पुरस्काराच्या खालोखालचा मान, मिळाला, त्यातली रेहा तर थेट आपल्यातली. अमेरिकेत वाढणारी भारतीय मुलगी, घरी एक जग आणि शाळेत दुसरं. लारोका स्वतः डॉक्टर आहेत, बंगलोरला जन्मलेल्या. ते पुस्तक ज्या मुलींनी माझ्याकडून नेलं, त्यातल्या एकीने परत करताना एवढंच म्हटलं, "हिची आई माझ्या आईसारखी बोलते." आणि दुसरं काय आहे म्हणून विचारत उभी राहिली.

रुडीन सिम्स बिशप नावाच्या विदुषींनी १९९० मध्ये याबद्दल एक उपमा दिली. ती आमच्या क्षेत्रात आता सगळे वापरतात. पुस्तक म्हणजे खिडकी, दुसऱ्याचं जग दाखवणारी. आणि पुस्तक म्हणजे आरसाही. संध्याकाळी घरात दिवा लागला की खिडकीच्या काचेतच आपला चेहरा दिसू लागतो, तसा. बिशप बाईंचं म्हणणं असं, की ज्या मुलाला पुस्तकांत आपण कुठेच दिसत नाही, किंवा दिसलो तर वेडेवाकडे दिसतो, ते मूल आपली किंमत काय ते बरोबर ओळखतं. आणि ज्याला सगळीकडे फक्त आपणच दिसतो, त्याचंही नुकसान होतं. ही दुसरी गोष्ट आपण विसरतो. सानिकाच्या शेजारी शाळेत बसणाऱ्या एमालाही सानिकाची गोष्ट वाचायला मिळायला हवी.

त्या वेड्यावाकड्या दिसण्याचं एक उदाहरण मला राहून राहून आठवतं. हेलन बॅनरमन या स्कॉटिश बाई मद्रासमध्ये राहत होत्या. १८९९ मध्ये त्यांनी आपल्या मुलींसाठी लिहिलेली 'लिटल ब्लॅक सांबो' ही चित्रगोष्ट निघाली. जंगलात वाघ, वाघ झाडाभोवती पळून पळून वितळतात, त्यांचं तूप होतं आणि त्या तुपात घरी पॅनकेक तळतात. वाघ भारतातले, तूप भारतातलं, आणि मुलाचं नाव व रूप मात्र असं, की पुढे अमेरिकेतल्या आवृत्त्यांनी त्याला कृष्णवर्णीयांची टवाळी करायला वापरलं. तूप आपलं घेतलं, मूल आपलं घेतलं नाही. आणि ज्यांना घेतलं त्यांचा अपमान केला. आशियाई आणि आफ्रिकन मुलांचं दुःख एकाच पुस्तकात असं बांधलेलं मी दुसरीकडे बघितलेलं नाही.

आता तुमच्यापैकी काही जण म्हणतील, आणि मला तोंडावर म्हटलंही आहे, की "आपण एशियन कुठे? एशियन म्हणजे चिनी-जपानी." बरोबर आहे, इथे बोलण्यात तसंच चालतं. पण हा रकाना आपल्याला कुणी चिकटवलेला नाही, आपण तो मागून घेतला आहे. १९७० च्या जनगणनेत इथले भारतीय गोऱ्यांमध्ये मोजले गेले होते. आपल्याच आधीच्या पिढीतल्या भारतीय संघटनांनी खटपट केली, पत्रं लिहिली, वॉशिंग्टनला जाऊन बाजू मांडली. म्हणून १९८० च्या जनगणनेत 'एशियन इंडियन' हा वेगळा रकाना आला. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात, ते सरकारला जसं लागू तसंच लायब्ररीला. त्या लोकांनी मागितलं, म्हणून आज आपण मोजले जातो.

आणि नको असलं तरी दुसरे आपल्याला त्या रकान्यात टाकतातच. १६ मार्च २०२१ ला अटलांटा आणि आसपास आठ माणसं गोळ्या घालून मारली गेली, त्यातल्या सहा आशियाई वंशाच्या बायका होत्या. त्यानंतर दोन महिने माझी कोरियन सहकारी रात्री लायब्ररी बंद झाल्यावर पार्किंगपर्यंत एकटी जात नसे. आम्ही दोघी बरोबर जायचो. तिची गाडी सुरू होईपर्यंत मी थांबायची, मग ती दिवे लावून माझ्या गाडीपर्यंत हळूहळू यायची. एका रात्री तिने विचारलं, "तुला पूर्वी कधी भीती वाटली होती?" मी तिला १९८७ ची जर्सी सिटी सांगितली. 'डॉटबस्टर्स' म्हणवून घेणारी टोळी, टिकली लावणाऱ्या बायकांना दिलेला त्रास, वर्तमानपत्राला पाठवलेलं धमकीचं पत्र, होबोकेनमध्ये मारहाणीत गेलेला पारशी तरुण. मी तेव्हा इथे नव्हते, पण माझी मावससासू होती. ती दार उघडण्याआधी टिकली काढायची आणि घरात आल्यावर आरशाच्या कडेची परत लावायची. त्या टोळीतली पोरं शाळेत असताना त्यांच्या पुस्तकांत टिकली लावलेली एखादी साधी आई, डबा भरणारी, पोराला ओरडणारी, कधी आली असेल का? पुस्तकाने खून टळला असता असं मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. पण त्या पोरांना टिकली फक्त रस्त्यावर भेटली, गोष्टीत कधीच भेटली नाही, ही शक्यता मला अस्वस्थ करते.

त्याच २०२१ मध्ये आपल्याच मराठी शाळेतल्या एका मुलाने डे-केअरमध्ये व्हिएतनामी मुलाला 'करोना' म्हणून हाक मारली. त्याची आई माझ्याकडे आली तेव्हा तिला शरमेने बोलवत नव्हतं. म्हणून माझं मागणं फक्त 'आपल्या' पुस्तकांचं नाही. आपल्या मुलांच्या घरात कोरियन, चिनी, फिलिपिनो, बांगलादेशी मुलांच्या गोष्टीही यायला हव्यात. मे महिना इथे आशियाई वारशाचा महिना म्हणून पाळतात. तो महिनाच का, हे मुलांना सांगा : ७ मे १८४३ ला पहिला जपानी स्थलांतरित इथे आला, आणि १० मे १८६९ ला देशाच्या दोन टोकांना जोडणारी रेल्वे पूर्ण झाली, जिच्यासाठी हजारो चिनी मजुरांनी डोंगर फोडले. न्यू जर्सीत तर जानेवारी २०२२ मध्ये कायदाच झाला आहे, की आशियाई अमेरिकन लोकांचा इतिहास शाळेत शिकवायचा. असा कायदा करणारं इलिनॉयनंतरचं हे दुसरंच राज्य. कायदा आहे, पण वर्गातल्या शिक्षिकेला हाताशी पुस्तक लागतं, आणि ती ते शोधायला आमच्याकडे येते.

मिळतात ती पुस्तकं कशी असतात, त्याबद्दलही बोलायला हवं. मला सर्वांत खटकते ती दिवाळी. दिवाळीची पुस्तकं सुंदर असतात, मी ती दरवर्षी ऑक्टोबरात समोरच्या टेबलावर मांडते, मुलं नेतातही. नोव्हेंबर संपला की ती आत जातात, आणि त्यांच्याबरोबर आपली मुलंही आत जातात. पणती हातात असेल तरच गोष्टीत प्रवेश. आमच्या मुलांचे दात पडत नाहीत? त्यांची मैत्रीण गाव सोडून जात नाही? त्यांना अंधाराची भीती वाटत नाही, पोहायला शिकताना नाकात पाणी जात नाही? मला अशी गोष्ट हवी आहे जिच्यात केतकी नावाची मुलगी सायकल चालवायला शिकते, पडते, गुडघा फोडून घेते, आणि पूर्ण पुस्तकात तिच्या केतकी असण्याचं कुणी स्पष्टीकरण देत नाही. फार तर शेवटी बाबा हळद लावतात.

दुसरी, डब्याची गोष्ट. मुलगी शाळेत पोळी-भाजी नेते, मुलं नाक मुरडतात, तिला लाज वाटते, शेवटी सगळे चाखतात आणि आवडतं. हे ज्यांनी सोसलं त्यांनी ते लिहिलं, त्याचा मला आदर आहे. माझ्या मुलानेही तिसरीत असताना डबा बाथरूममध्ये बसून खाल्ला होता. मला ते दोन वर्षांनी कळलं. पण आज माझ्या कथावाचनाला येणारी काही मुलं मेथीचा पराठा खुशाल सगळ्यांसमोर उघडतात. त्यांना मी पाच पुस्तकांतून सांगायचं का, की इथे लाजायला हवं होतं? आणि आपल्या भाजीची चव दुसऱ्याला आवडली तरच ती चांगली ठरते, हेही मला पटत नाही.

भारतातून येताना आपण सगळे बॅगेत मराठी पुस्तकं आणतो. ती आणाच. पण त्यातली विहीर, आमराई, एसटी सानिकाच्या डोळ्यांसमोर येत नाही, आणि शाळेतल्या पुस्तकांतला ख्रिसमसचा मोजा तिच्या घरात टांगलेला नसतो. शनिवारी सकाळी आठला आजोबांशी व्हिडिओ कॉल, त्यात अर्धा वेळ आजोबांचं फक्त कपाळ दिसतं, मागून कुकरची शिट्टी ऐकू येते, मग दहाला सॉकर. हे तिचं आयुष्य आहे. ते दोन्हीकडच्या पुस्तकांत नाही. आणि बॅगेतून आणलेलं पुस्तक घरातच राहतं, एमा ते कधी बघत नाही. शिवाय आपल्या मराठी शाळेच्या पेटीतली पुस्तकं मी मागच्या महिन्यात सगळी काढून बघितली. मालेगावातल्या यंत्रमागावर काम करणाऱ्याचा मुलगा, कोळीवाड्यातली मुलगी, भीमजयंतीला बाबांच्या खांद्यावर बसून निघालेलं पोर, यातलं कुणीच मला सापडलं नाही. दुसऱ्यांच्या शेल्फवर आपली जागा मागताना ही पेटी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. ती नीट भरण्याचं काम मी या वर्षी अंगावर घेतलं आहे. कुणाकडे अशी पुस्तकं असतील तर कळवा.

आता लायब्ररीचं आतलं सांगते, कारण ते बाहेर फार कुणाला ठाऊक नसतं. मुलांचं पुस्तक घ्यायचं की नाही, हे आम्ही परीक्षणं वाचून ठरवतो, पण ते पुढे शेल्फवर ठेवायचं की नाही हे लोक किती वेळा घरी नेतात त्यावर बरंचसं ठरतं. तुम्ही पुस्तक लायब्ररीतच बसून वाचलंत आणि शेल्फवर परत ठेवलंत तर त्याची बहुतेक वेळा नोंद होत नाही. घरी न्या. एक दिवसासाठी न्या. नव्या पुस्तकासाठी राखीव नोंदवा. एका पुस्तकाला बरीच नावं लागली की आम्ही दुसरी प्रत मागवतो, आणि असा खप बघून प्रकाशकही त्या लेखकाचं पुढचं पुस्तक घ्यायला तयार होतात. आमच्याकडे नसेल ते पुस्तक घ्या म्हणून सुचवायचा फॉर्म असतो. तो बहुतेक लायब्ररींच्या वेबसाइटवर असतो. गेल्या वर्षी आमच्याकडे मुलांच्या विभागासाठी जे फॉर्म आले त्यात मी मराठी आडनाव शोधत होते. एक सापडलं. त्यांना गणिताचं पुस्तक हवं होतं. गणितावर माझा राग नाही, माझा मुलगाही गणिताच्या क्लासला जायचा. पण गणिताच्या पुस्तकात सानिका दोन डझन आंबे विकत घेते, तेवढंच.

मंडळांना एक विनंती. तुम्ही प्रेमाने खोकी भरभरून पुस्तकं लायब्ररीला भेट देता. ती शेल्फवर जात नाहीत हो. बहुतेक ठिकाणी देणगीतली पुस्तकं लायब्ररीच्या मित्रमंडळाच्या सेलमध्ये एक-दोन डॉलरला विकली जातात. त्याऐवजी मुलांच्या विभागाला तेवढ्याच रकमेचा चेक द्या आणि कशासाठी तो हेतू लिहून द्या, किंवा विभागप्रमुखांना भेटून आधी विचारा. मराठी शाळांनी वर्षातून एक रविवार वर्ग लायब्ररीत भरवावा आणि ज्यांच्याकडे कार्ड नाही त्या मुलांना तिथल्या तिथे कार्ड काढून द्यावं. आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी येतात, त्यांना कथावाचनाला घेऊन या. मी मराठीतली एक गोष्ट वाचेन, इंग्रजीत एक वाचेन. आणि लायब्ररीच्या विश्वस्तांच्या बैठका सगळ्यांना खुल्या असतात, तिथे कुणालाही उठून बोलता येतं. अमुक पुस्तक शेल्फवरून काढून टाका म्हणणारे त्या बैठकांना येतात. लांबून येतात, कागद घेऊन येतात, पहिल्या रांगेत बसतात. ठेवा म्हणणाऱ्यांच्या खुर्च्या रिकाम्या असतात. आपण गणपतीच्या आरतीला दोन तास उभे राहतो, एका मंगळवारी संध्याकाळी तासभर बसू शकतो.

त्या आजीच्या पुस्तकाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. ते मी गाडीवरून उतरवलं आणि पुढच्या रविवारी मराठी शाळेत नेलं. सानिकाने ते मांडीवर घेऊन वाचलं, मग आजीच्या चित्रावर बोट ठेवून विचारलं, "मावशी, हे आपल्या लायब्ररीत होतं?" तिच्या आईने ते तिच्या कार्डावर घेतलं. तेव्हापासून ते तीन घरं फिरलं आहे, आणि कोपऱ्याला चहाचा की कोकोचा, एक डाग पडला आहे.

पुस्तक सुचवायच्या आमच्या फॉर्मवर तीन रकाने आहेत. पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, आणि हे पुस्तक का हवं. तिसरा रकाना लोक रिकामा सोडतात. तो भरा. इंग्रजी सुचलं नाही तर मराठीत लिहा, आमच्याकडे ते फॉर्म मीच उघडते.

तुमची,
मराठी शाळेतली एक मावशी
न्यू जर्सी